बिशपच्या दप्तरातली मृत्युपत्रे

माझी सारी नोकरी मुंबईच्या फोर्ट भागातील एका सॉलिसिटर कचेरीत, प्रोबेटचे म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्र सिद्ध करून घेण्याचे अर्ज तयार करण्यात गेली. निवृत्तीनंतर मुलीकडे वेल्समध्ये राहायला आले तेव्हा हे काम मागे सुटले असे मी धरून चालले होते. परंतु जावयाचे वडील, म्हणजे आमचे व्याही, यांना त्यांच्या घराण्याची माहिती लिहून काढायची होती, आणि त्यासाठी लागणारे जुने कागद मृत्युपत्रांचेच होते. घराणे कार्डिगनशर परगण्यातल्या ट्रेगॅरन गावाजवळच्या डोंगराळ भागातले, पिढ्यान्‌पिढ्या गुरे आणि मेंढ्या राखणारे. या लोकांनी पत्रे लिहिली नाहीत, रोजनिशा ठेवल्या नाहीत, त्यांची चित्रे कोणी काढली नाहीत. चर्चच्या वह्यांत जन्म, लग्न आणि दफन यांच्या एकेका ओळीपलीकडे त्यांच्याविषयी जे काही उरले आहे ते बहुतांशी बिशपच्या न्यायालयाच्या दप्तरात आहे. व्याहींचे म्हणणे असे की, तुम्हाला प्रोबेट कळते आणि मोडीही वाचता येते, तेव्हा या कामाला तुमच्याइतके योग्य माणूस आमच्या गावात नाही. त्यातला मोडीचा भाग किती उपयोगी पडला ते पुढे येईलच.

मृत्युपत्रांचा आणि बिशपचा संबंध काय, हे आधी सांगितले पाहिजे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ जानेवारी १८५८ पर्यंत मृत्युपत्र सिद्ध करून घेण्याचा अधिकार मुख्यतः चर्चच्या न्यायालयांकडे होता. मरणाऱ्याने आपल्या चीजवस्तूंची विल्हेवाट लावणे ही आत्म्याच्या हिशेबाची बाब मानली जात असे, आणि म्हणून ती धर्मसत्तेच्या कक्षेत येई. त्यात पंथाचा विचार नव्हता; बाप्टिस्ट असो वा मेथडिस्ट, प्रत्येकाला त्यासाठी अँग्लिकन बिशपच्याच दारात जावे लागे. वेल्समधील मेथडिस्ट चळवळीचे एक प्रवर्तक हॉवेल हॅरिस १७७३ मध्ये वारले. त्यांचेही मृत्युपत्र चर्च न्यायालयांच्याच दप्तरात आहे. १८५७ च्या कायद्याने हे अधिकार चर्चकडून काढून सरकारी प्रोबेट न्यायालयाकडे दिले.

आपल्याकडेही हा धागा येऊन पोहोचलेला आहे. मुंबईचे सर्वोच्च न्यायालय १८२३ च्या सनदेने स्थापन झाले तेव्हा त्याला दिवाणी आणि फौजदारी अधिकारांबरोबर 'एक्लेझिअ‍ॅस्टिकल' म्हणजे धर्मन्यायालयाचे अधिकारही दिलेले होते, आणि प्रोबेट देण्याचे काम त्या अधिकारात येत असे. ते अधिकार पुढे मुंबई उच्च न्यायालयाकडे आले. वारसांना काढायचे सायटेशन म्हणजे नोटीस, हरकत घेणाऱ्याने दाखल करायचे कॅव्हेट, मृत्युपत्र नसेल तर मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा अधिकार देणारे लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आणि त्यासाठी द्यायचे जामीनखत, ही सगळी यंत्रणा मी पस्तिशीच्या आतच तोंडपाठ केली होती, आणि ती जशीच्या तशी अठराव्या शतकात वेल्समधील कार्मार्थन गावातल्या बिशपच्या कचेरीत चाललेली पाहून मला ओळखीचे माणूस परमुलखात भेटल्याचा आनंद झाला.

पहिला प्रश्न होता तो न्यायालय कोणते याचा. नवशिके लोक नाव घेऊन शोधायला बसतात. वास्तविक आधी मृताचे घर कोणत्या बिशपच्या हद्दीत होते ते ठरवावे लागते. वेल्समध्ये सेंट डेव्हिड्स, लँडाफ, बँगोर आणि सेंट असाफ असे चार धर्मप्रांत होते. कार्डिगनशर, पेम्ब्रोकशर आणि कार्मार्थनशर हे नैर्ऋत्येकडचे परगणे सेंट डेव्हिड्सच्या बिशपकडे होते. पण त्याच धर्मप्रांतातला ब्रेकनचा आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा धर्माधिकारी, आपले न्यायालय स्वतंत्रपणे चालवत असे, आणि त्याची मृत्युपत्रे १५४३ पासून वेगळी जपलेली आहेत. ग्लॅमॉर्गनचा बहुतेक भाग लँडाफकडे, तर त्याच परगण्याचे पश्चिमेला समुद्रात शिरलेले गाउअरचे टोक सेंट डेव्हिड्सकडे. उत्तरेकडे रुथिनच्या आसपासच्या पॅरिशी, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतले गावविभाग, चहूबाजूंनी सेंट असाफच्या प्रांताने वेढलेल्या, तरी त्या बँगोरच्या बिशपच्या. इंग्लंडच्या सीमेवरच्या काही पॅरिशी हेरेफर्डकडे किंवा चेस्टरकडे जात, आणि हार्डन या एका पॅरिशीला तर स्वतःचेच न्यायालय होते. परगण्याची हद्द आणि धर्मप्रांताची हद्द एक नसते, हे एकदा मनात पक्के झाले की निम्मी वणवण वाचते.

आमच्या बाबतीत हा प्रश्न सोपा होता. ट्रेगॅरनचा भाग निःसंशय सेंट डेव्हिड्सचा, आणि त्यांचे प्रोबेटचे दप्तर कार्मार्थनला असे. आता ते सर्व दप्तर अ‍ॅबरिस्टविथच्या टेकडीवरील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. हे ग्रंथालय १९०७ च्या राजसनदेने स्थापन झाले. वेल्समधील चर्च न्यायालयांची सुमारे १,९०,००० मृत्युपत्रे आणि त्यांच्यासोबतचे कागद तिथे असून, त्या सर्वांच्या प्रतिमा त्यांनी इंटरनेटवर विनामूल्य खुल्या केल्या आहेत. एवढ्या उदारपणे आपले दप्तर उघडे करणारी संस्था मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. त्यामुळे प्राथमिक शोध घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला.

नावांनी मात्र आम्हाला जेरीस आणले. वेल्समध्ये आडनावे स्थिर व्हायला फार वेळ लागला. वरच्या थरातील घराण्यांनी ती सोळाव्या-सतराव्या शतकात घेतली. डोंगरातल्या शेतकऱ्यांमध्ये बापाचे नाव हेच मुलाचे दुसरे नाव, ही पद्धत अठराव्या शतकातही चालू होती आणि काही ठिकाणी एकोणिसाव्यातही. जुन्या कागदांत मधे 'अप' म्हणजे अमक्याचा मुलगा, किंवा 'वेर्च' म्हणजे अमक्याची मुलगी, असे शब्द येतात. पुढे ते गळून पडले आणि डेव्हिडचा मुलगा इव्हान डेव्हिड, त्याचा मुलगा डेव्हिड इव्हान, त्याचा मुलगा पुन्हा इव्हान डेव्हिड, अशी रांग तयार झाली. अप राइस याचे प्राइस, अप हॉवेल याचे पॉवेल, अप हॅरी याचे पॅरी, अब ओवेन याचे बोवेन ही आजची आडनावे त्यातूनच आली. बायका लग्नानंतरही बापाचेच नाव लावत, म्हणून नवऱ्याच्या मृत्युपत्रातली बायको वेगळ्याच नावाची दिसते. एका पॅरिशीत एकाच वेळी एकाच नावाचे चार-पाच गृहस्थ असणे मुळीच नवलाचे नाही. अशा ठिकाणी माणसाला ओळखायची खूण म्हणजे त्याच्या शेतघराचे नाव. ते नाव मृत्युपत्रात प्रत्येक वेळी असतेच असे नाही, आणि असले तर लिहिणाऱ्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले असते.

तेव्हा आम्ही नाव सोडून दिले आणि पॅरिश धरली. एका पॅरिशीतली १६६० ते १८५८ मधली झाडून सगळी मृत्युपत्रे काढायची, प्रत्येकात शेतघराचे नाव, बायकोचे नाव, मुलांची नावे आणि साक्षीदार यांची टिपणे करायची, आणि मग कोण कोणाचा हे जुळवायचे, असा क्रम ठेवला. काम वेळखाऊ, पण मुंबईत जुन्या चाळींच्या मालकीचे वाद याच रीतीने सुटत. घाई करणाऱ्याला वंशावळ लवकर मिळते, मात्र ती बहुधा शेजाऱ्याची असते.

१६६० पासून सुरुवात करण्याचेही कारण आहे. राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाच्या काळात चर्चची न्यायालये विस्कळीत झाली, पुढे ती बंदच पडली, आणि १६५३ पासून १६६० मध्ये राजसत्ता परत येईपर्यंत साऱ्या देशाची मृत्युपत्रे लंडनच्या एकाच दिवाणी न्यायालयात सिद्ध होत. त्या वर्षांतला कार्डिगनशरचा शेतकरी शोधायचा तर लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची पाहावी लागते. लंडनपर्यंतचा खर्च कोणत्या डोंगरी शेतकऱ्याच्या वारसांना परवडणार? त्या काळातली इकडच्या लोकांची मृत्युपत्रे थोडीच सापडतात याचे मला काही आश्चर्य वाटले नाही.

आता वाचनाविषयी. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे बरेच कागद 'सेक्रेटरी' नावाच्या वळणात लिहिलेले आहेत. त्यात इंग्रजी 'ई' उलटा फिरतो, 'एच' ओळीच्या खाली गोता मारतो, 'सी' हे अक्षर हुबेहूब 'आर' सारखे दिसते, आणि शब्दाच्या मधला 'एस' लांब काठीसारखा उभा असतो. मोडी शिकताना आमचे मास्तर सांगत की, अक्षर अडले तर पुढे जा, तेच अक्षर ओळखीच्या शब्दात भेटेल तेव्हा मागे या. तोच उपाय इथे लागू पडला. शिवाय मोडीतल्या पत्राप्रमाणेच मृत्युपत्राचाही मायना ठरलेला असतो. 'देवाच्या नावाने, आमेन' अशी सुरुवात, मग शरीर अशक्त असले तरी मन आणि स्मृती शाबूत असल्याची ग्वाही, मग आत्मा ईश्वराला आणि देह पॅरिशच्या स्मशानभूमीला, जुन्या कागदांत सेंट डेव्हिड्सच्या कॅथीड्रलला काही पेन्स, आणि त्यानंतर खरी वाटणी. पहिली पाच वाक्ये ठाऊक असली की त्यांतून लेखकाची अक्षरे शिकून घेता येतात आणि त्यांच्या बळावर पुढची अनोळखी नावे लागतात. १७३३ पर्यंत न्यायालयाचा शेरा लॅटिनमध्ये असे, पण तोही साच्यातलाच असल्याने दोन-तीन नमुने पाठ केले की भागते.

मृत्युपत्रे इंग्रजीत आहेत ही गोष्ट व्याहींना खटकली, आणि ते साहजिकच होते. त्यांच्या आजीला इंग्रजी धड बोलता येत नसे, मग तिच्या खापरपणजोबांना कुठून येणार? १५३६ च्या कायद्याने वेल्समध्ये न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरवली, आणि चर्चच्या न्यायालयांनीही तीच चालवली. वेल्श भाषेत लिहिलेली मृत्युपत्रे आहेत, पण अगदी मोजकी. म्हणजे अंथरुणाला खिळलेला माणूस वेल्शमध्ये सांगत होता, आणि उशाशी बसलेला पाद्री किंवा लिहिता येणारा शेजारी ते इंग्रजीत उतरवत होता. खाली मृताची सही नाही, थरथरत्या हाताने काढलेली खूण आहे. त्याला ते वाचून दाखवले असेल तर कोणत्या भाषेत, हे कागद सांगत नाही. गमतीचा भाग असा की, त्याच न्यायालयांत बदनामीचे दावे चालत तेव्हा मात्र शिवी वेल्शमध्ये जशीच्या तशी नोंदली जाई, कारण दाव्याचा मुद्दाच तो असे.

आम्हाला पहिले भरवशाचे मृत्युपत्र मिळाले ते व्याहींच्या शेतघराचे नाव स्पष्टपणे असलेले. त्यावर तारीख फेब्रुवारी १७४१ ची होती, आणि सोबत जोडलेल्या, मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीवर एप्रिल १७४२ ची. माणूस मृत्युपत्र करून चौदा महिने जगला असे व्याहींनी टिपणात लिहिलेही होते. पण त्या काळात वर्ष २५ मार्चला बदलत असे. १७५२ मध्ये कॅलेंडर सुधारले तेव्हा ते १ जानेवारीवर आले. म्हणजे तो फेब्रुवारी आजच्या हिशेबाने १७४२ चाच, आणि मृत्युपत्र व यादी यांच्यात जेमतेम दोन महिने. तो शेवटच्या दुखण्यातच मृत्युपत्र करायला बसला होता. या लोकांची ती रीतच होती. धडधाकट असताना कोणी हा विचार करत नसे, आणि याबाबतीत आपल्याकडची माणसे काही वेगळी आहेत असे मला नोकरीत कधी दिसले नाही.

मृत्युपत्र स्वतः लहानसे आहे. दोन मुलींना प्रत्येकी दोन कालवडी आणि एक बिछाना, धाकट्या मुलाला शेताच्या भाडेपट्ट्याची उरलेली मुदत आणि अवजारे, बायकोला हयातीपर्यंत घरात राहण्याचा हक्क, बाकी सगळे बायको आणि धाकटा मुलगा यांना मिळून, आणि तेच दोघे एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे. थोरल्या मुलाला एक शिलिंग, म्हणजे पौंडाचा विसावा भाग.

व्याही थोरल्या मुलाच्या शाखेतले. एक शिलिंग वाचून ते गप्प झाले आणि मग म्हणाले, "म्हणजे आम्हाला घरातून काढून टाकले होते." हा समज इंग्रजी मुलखात सर्वत्र आहे. प्रत्यक्षात शिलिंगाचा अर्थ पुष्कळदा उलटा असतो: या मुलाचा वाटा लग्नाच्या वेळीच देऊन झाला आहे, बाप त्याला विसरलेला नाही, आणि त्याने नंतर येऊन हक्क सांगू नये. १६९६ च्या कायद्यापर्यंत वेल्समध्ये बायको आणि मुले यांचा जंगम मालमत्तेत रूढीने ठरलेला हिस्सा असे आणि माणूस उरलेल्याचीच वाटणी मनाप्रमाणे करू शके. त्या कायद्याने सगळ्यावर त्याची मुखत्यारी आली, पण प्रत्येक मुलाचे नाव घेण्याची सवय टिकली. हे मी व्याहींना सांगितले. त्यांना पटले नाही. पुरावा हवा होता, आणि तो मृत्युपत्रात नव्हता.

तो मालमत्तेच्या यादीत होता. मी तर असे म्हणेन की, या दप्तरात मृत्युपत्रापेक्षा यादीच अधिक मोलाची आहे, आणि जे लोक मृत्युपत्र छापून घेऊन पुढची पाने उलटत नाहीत ते फार मोठ्या गोष्टीला मुकतात. १५२९ च्या कायद्याने एक्झिक्युटरला मृताच्या चीजवस्तूंची किमतीसह यादी न्यायालयात दाखल करावी लागे, आणि ती गावातल्याच दोन-तीन माणसांनी घरात फिरून केलेली असे. ही माणसे वकील नव्हती. ती शेजारी होती, आणि कोणती गाय किती दूध देते हे त्यांना ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात याद्या दुर्मीळ होत जातात, म्हणून आमची यादी १७४२ ची निघाली हे आमचे भाग्य.

ती सुरू होते मृताच्या अंगावरच्या कपड्यांनी आणि थैलीतल्या पैशांनी: एक पौंड. मग गोठा. एक बैलजोडी पाच पौंड. पाच गाई, प्रत्येकी पस्तीस शिलिंग, एकूण आठ पौंड पंधरा शिलिंग. तीन लहान जनावरे सव्वादोन पौंड. साठ मेंढ्या, नगाला अडीच शिलिंग, साडेसात पौंड. एक म्हातारी घोडी, एक पौंड. धान्य आणि गवत मिळून दोन पौंड. त्यानंतर घर: बिछाने, कांबळी, एक लोखंडी काईल, एक पितळी भांडे, एक पेटी, बसायचे बाक, लाकडी भांडी, सगळे मिळून एक पौंड तेरा शिलिंग. आणि शेवटी 'काही जुनी पुस्तके', दोन शिलिंग. बेरीज एकोणतीस पौंड पाच शिलिंग, आणि ती बरोबर आहे. मी सवयीने ताडून पाहिली.

या आकड्यांपुढे आम्ही बराच वेळ बसलो. सगळे वैभव गोठ्यात आणि डोंगरावर. अख्ख्या घराचे सामान विकले असते तर एक गायही आली नसती. मुलींना दिलेल्या चार कालवडी यादीतल्या जनावरांत धरल्या तर धाकट्याकडे उरलेला गोठा किती लहान होता, हेही त्यातून दिसते. यादीत जमीन नाही याचा अर्थ मात्र ती नव्हती असा होत नाही. मालकीची जमीन या यादीत घालतच नसत, चर्चच्या न्यायालयाचा संबंध जंगम मालमत्तेशी होता. आणि पुस्तके? संपूर्ण बायबल वेल्शमध्ये १५८८ मध्ये आले, त्याची लहान स्वस्त आवृत्ती १६३० मध्ये. १७३० च्या दशकात ग्रिफिथ जोन्स या पाद्र्याने गावोगाव फिरत्या शाळा काढून शेतकऱ्यांना वेल्श वाचायला शिकवले. ज्याला सही करता येत नव्हती त्याच्या घरात दोन शिलिंगांची पुस्तके असणे यात विसंगती नाही. त्या शाळांत वाचन शिकवत, लिहायला शिकवत नसत.

याच शाळांची पुढची हकीगत मृत्युपत्राचीच आहे, म्हणून सांगते. ग्रिफिथ जोन्स १७६१ मध्ये वारल्यावर त्या मॅडम बेव्हन या बाईंनी चालवल्या, आणि १७७९ मध्ये मरताना त्यांनी शाळांसाठी दहा हजार पौंड ठेवले. त्या मृत्युपत्राला आव्हान मिळाले, पैसा चान्सरीच्या न्यायालयात अडकला, आणि तो सुटून शाळा पुन्हा सुरू होईपर्यंत एकोणिसावे शतक उजाडले होते. दाव्याचा निकाल लागेपर्यंत शिकायचे वय उलटून गेलेली मुले किती असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

आमच्या यादीकडे परत येते. तिच्या पाठीमागे मृताचे येणे आणि देणे लिहिले होते. येण्याचे दोन भाग: वसूल होण्याजोगे आणि बुडीत. ट्रेगॅरन हे गुरे हाकत इंग्लंडच्या बाजारांकडे नेणाऱ्या ड्रोव्हर लोकांचे जमण्याचे ठिकाण. शेतकरी त्यांच्या हवाली जनावरे करत आणि पैसे परतीच्या वेळी मिळत, किंवा मिळत नसत. बुडीत येण्यातली एक रक्कम अशाच एका ड्रोव्हरकडची होती. आणि देण्यात, शेवटून दुसऱ्या ओळीत, थोरल्या मुलाचे नाव होते: चार पौंड. ज्याला घरातून हाकलले तो मुलगा बापाला चार पौंड उसने देत नाही. व्याहींनी ती ओळ भिंगातून दोनदा वाचली आणि टिपणवहीतले आपले वाक्य खोडले.

थोरल्या मुलाचे स्वतःचे कागदही मिळाले. तो १७५० मध्ये मृत्युपत्र न करता वारला, त्यामुळे सूचीत तो मृत्युपत्र म्हणून नव्हे, तर 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' म्हणून नोंदलेला आहे. शोधताना अशा नोंदी गाळू नयेत. विधवेने अर्ज केला, आणि तिच्याकडून जामीनखत घेतले गेले. अशा जामीनखताची रक्कम साधारणपणे मालमत्तेच्या दुप्पट असे. इथे ती ऐंशी पौंड होती, म्हणजे मालमत्ता चाळिसाच्या आसपासची. एक शिलिंगाचा धनी बापापेक्षा सुस्थितीत मेला. जामीनदार दोन, आणि त्यातला एक त्याचा धाकटा भाऊ. मुंबईत आमच्या कचेरीत जामीनदार मिळवण्यासाठी पक्षकारांची जी दमछाक होई ती आठवली, आणि भावाच्या विधवेसाठी ऐंशी पौंडांच्या जबाबदारीखाली खूण करणारा भाऊ माझ्या मनातून जाईना.

विधवेला यासाठी कार्मार्थनला जावे लागले नसावे. न्यायालय ठिकठिकाणच्या पाद्र्यांना शपथ देण्याचा अधिकार सोपवत असे, आणि या जामीनखतावरही तशा प्रतिनिधीची सही आहे. बायकांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे, आणि ही स्थिती १८८२ च्या कायद्यापर्यंत राहिली. म्हणून या दप्तरातल्या बायका बहुतेक विधवा किंवा अविवाहित आहेत. पण त्यांची मृत्युपत्रे पुरुषांपेक्षा वाचनीय असतात, कारण त्या वस्तू नावानिशी देतात: अमक्या भाचीला माझा सर्वांत चांगला झगा, तमकीला दुसऱ्या क्रमांकाचा. पुरुष 'बाकी सगळे' म्हणून मोकळे होतात.

एक कागद तोंडी मृत्युपत्राचाही लागला, १६८० च्या दशकातला. आजारी माणसाला शेजाऱ्यांनी विचारले की, तुझ्या वस्तूंचे काय करायचे, आणि त्याने 'या किंवा अशा अर्थाच्या शब्दांत' उत्तर दिले, असे साक्षीदारांनी नंतर नोंदवले आहे. १६७७ च्या कायद्याने तीस पौंडांवरच्या मालमत्तेसाठी अशा मृत्युपत्राला तीन साक्षीदार बंधनकारक केले, आणि १८३७ च्या कायद्याने सैनिक व खलाशी सोडून इतरांसाठी हा प्रकारच संपवला. तो माणूस आमच्या घराण्यातला नाही अशी माझी खात्री झाली, तरी मी त्याची नक्कल ठेवली आहे.

प्रतिमा स्पष्ट नसलेल्या काही कागदांसाठी आम्ही ग्रंथालयात गेलो. वाचक म्हणून नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, शाई चालत नाही, पेन्सिल चालते. व्याहींना या फेरीत त्यांच्या भागातला एक प्रसिद्ध माणूस भेटला: ट्रेगॅरनचा वंशावळकार थॉमस जोन्स, ज्याला लोककथांनी ट्वम शॉन काटी नावाचा चतुर दरोडेखोर करून टाकले आहे. त्याचे १६०९ चे मृत्युपत्र याच संग्रहात आहे. दरोडेखोराचे मृत्युपत्र बिशपने रीतसर सिद्ध केले, यात व्याहींना फार मौज वाटली.

हाती काय आले ते असे. १७४२ पासून खाली आजपर्यंतची साखळी पक्की आहे, कारण १८५८ नंतरची सरकारी मृत्युपत्रे मिळवणे सोपे आहे आणि कार्मार्थनच्या सरकारी प्रोबेट कचेरीने पुढे तोच साचा चालवला. फरक एवढाच की, आता यादी नाही, 'अमुक पौंडांच्या आत' एवढाच आकडा आहे. १७४२ च्या वर मात्र एक फट आहे. त्याच शेतघराचा, जुळत्या नावाचा एक शेतकरी १६९८ मध्ये वारला, त्याच्या मृत्युपत्रावर लॅटिन शेरा आहे आणि त्यात एका अल्पवयीन मुलाचा उल्लेख आहे, पण तो मुलगा म्हणजेच आमचा १७४२ चा गृहस्थ असे सिद्ध करणारा कागद बिशपच्या दप्तरात नाही. तो असलाच तर जमीनदारांच्या दप्तरात असेल. या भागातील ट्रॉसकोएड आणि नॅन्टिओस या मोठ्या इस्टेटींचे कागद त्याच ग्रंथालयात आहेत, आणि जुने भाडेपट्टे पुष्कळदा तीन हयातींसाठी, म्हणजे नावे दिलेल्या तिघांपैकी शेवटचा जिवंत असेपर्यंत, दिलेले असल्यामुळे त्यांत कूळ, त्याची बायको आणि मुलगा यांची नावे आणि नाती लिहिलेली असतात. आम्ही त्या पट्ट्यांची सूची मागवली आहे, आणि तोवर वंशावळीत त्या दोघांमधली रेघ तुटक ठेवली आहे.